जखम एकाच बाजूनं भरतेय

१८ नोव्हेंबर, सोमवार

वळल्या! आज सगळ्या वळल्या!

दहा महिने ज्या ताटल्यांनी माझं रक्त आटवलं त्यांनी आज ऐकलं एकदाचं. माणसाच्या कातडीच्या पेशी, काचेच्या ताटलीत वाढवलेल्या. ताटलीच्या दोन टोकांना बारीक वीज, बोट लावलं तरी कळणार नाही इतकी. दर दोन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकातून एक फोटो. दुपारी सगळे फोटो जोडून चालवून पाहिले. आधी प्रत्येक पेशी आपापल्या नादात, बाजारात चुकामूक झालेल्या माणसांसारखी. मग वीज. अर्ध्या तासात एकेकीनं आपली एक कड लांब केली आणि सगळ्या मिळून ऋण टोकाकडे निघाल्या.

तारा उलट्या केल्या. थोडा वेळ थबकल्या. मग वळल्या आणि आल्या तशा परत.

रुखसार मागे उभी राहून बघत होती. (शेजारच्या टेबलावर तिचं संशोधन चालतं. नांदेडात माझं डोकं खाऊ शकणारी ही एकटीच.) म्हणाली, "ना डोळे, ना कान, ना दिमाग. मग ऐकून कोण राहिलंय गं ह्यांच्यात?"

मी हसले. पण अंगावर काटा आला होता. इथं लिहायला काय हरकत आहे?

१९ नोव्हेंबर

वीज बंद केल्यावरही तासभर त्याच दिशेनं चालत राहिल्या. बंद आहे ना, ते तीनदा तपासलं. माझे गाईड सर म्हणाले, "होतं तसं. थोडा वेळ आठवण राहते."

आठवण! ठेवतात कुठं?

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लातूर. मी नांदेडहून आणि धाकटा भाऊ सत्यम आईला घेऊन शिरूर अनंतपाळकडून. दवाखान्याच्या बाकावर तिघं.

आईची शुगर बारा वर्षांची. पायांना आताशा काही कळत नाही. सप्टेंबरात उजव्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला आणि आमच्या मातोश्री चतुराबाई चार दिवस त्याच्यावर चालत राहिल्या! आता बोटांच्या मागे, चवड्यावर, काडेपेटीएवढी उघडी जखम आहे. दोन महिने झाले, भरायचं नाव नाही.

डॉक्टरांनी पायाला सुई टोचली. आई छताकडे बघत होती. "टोचा की," म्हणाली. टोचून झालं होतं.

मला बाहेर बोलावून सांगितलं. ७ जानेवारीला परत दाखवा. तोवर भरली नाही तर पुढचा अर्धा पाय काढावा लागेल. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, पट्टी ओली होऊ द्यायची नाही.

"काय म्हणला गं डाक्टर?"

"भरंल म्हणाले."

"आन् न्हाई भरली तर?"

मी बाटली काढून पाणी प्यायले. सत्यम जमिनीकडे बघत होता. आईनं आमच्या दोघांकडे बघितलं आणि पदर सावरून उठली. तिला कळलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

जखम झाली की तिच्या कडेला शरीर स्वतःच बारीक वीज तयार करतं. कातडीच्या पेशी त्या खुणेनं सरकतात आणि भोक बुजवतात. हेच तर माझं काम! शुगरच्या माणसात ती खूण मंद पडत असावी, असं काही जणांचं म्हणणं आहे. म्हणजे आईच्या पायातल्या पेशी आळशी नाहीत. त्यांना कुणी बोलवत नाहीये.

एक छोटी बॅटरी. दोन तारा. सकाळपासून हेच डोक्यात.

रुखसारला सांगितलं. तिनं डब्यातला खिचडी-खट्टा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "ताटली खराब झाली तर तू दुसरी घेतेस. आई दुसरी कुठून आणशील?"

राग आला तिचा. खिचडी मात्र सगळी खाल्ली.

२५ नोव्हेंबर

सत्यमला सांगितलंय — रोज सकाळी जखमेचा फोटो, शेजारी काडेपेटी ठेवून. तिच्या मापानं मी क्षेत्रफळ काढते. निदान मोजता तरी येतं.

२९ नोव्हेंबर

फरक शून्य.

३ डिसेंबर, मंगळवार

कमी झाली?? बहुतेक फोटो तिरका आलाय.

५ डिसेंबर

तिरका नाही. कमी झाली! तीन दिवसांत एवढी, मीच तीनदा मोजलं. सरांसमोर उगाच हसत होते. आईला फोन केला तर म्हणे, "मला काय कळतंय माय, पाय माजा हाय का न्हाई तेच कळंना. पर सत्यम म्हणला की भरायली."

८ डिसेंबर, रविवार

आज सगळे फोटो एकापुढे एक लावून चालवले, ताटलीचे लावते तसे. आणि खुर्चीत मागे सरकले.

जखम एकाच बाजूनं भरतेय.

टाचेकडच्या कडेवरून नवी गुलाबी कातडी निघालीय आणि बोटांच्या दिशेनं सरकतेय. बोटांकडची कड आहे तिथंच. मेल्यासारखी. कोणतीही जखम चहूबाजूंनी आत येते. ही येत नाही. ही निघाल्यासारखी चाललीय, कुठंतरी.

असं मी एकाच ठिकाणी पाहिलंय, माझ्या ताटलीत.

९ डिसेंबर

सत्यमला फोन. नवीन औषध? न्हाई. लेप, झाडपाला, कुणा बाबाचा अंगारा? "काय न्हाई आक्का. हाय ते हाय." घरात काही नवीन? "घरात काय आसनार? हरभऱ्याच्या कुंपणाला झटका मशीन बसवलंय, धा-पंधरा दिस झालं, रानडुकरं लई झाल्यात. ते बी शेतात."

शेतात. आणि आई तर घरात. मी विषय सोडला. (नंतर लिहिलेलं: इथंच मी मूर्ख ठरले.)

१४ डिसेंबर

आई फोनवर, मध्येच: "सकाळी हुबं ऱ्हायलं की पाय फुडं वढल्यागत व्हतंय."

"कुठं उभं राहिलं की?"

"आसंच."

ज्या पायाला सुई कळत नाही त्याला ओढ कळते? विचारलं तर बाईंनी येळवशीच्या (वेळ अमावस्येच्या) भज्जीचा विषय काढला. काहीतरी लपवतेय. मला लपवता येत नाही ते तिचंच आलंय, म्हणून ओळखते.

२० डिसेंबर

वेग मंदावला. बोटांकडची कड अजून तशीच. या हिशेबानं सात तारखेला अर्धी जखम उघडीच असेल. अर्धी भरलेली डॉक्टर मोजतात की नाही?

२९ डिसेंबर, रविवार

घरी. पाय प्रत्यक्ष पाहिला. फोटोत दिसतं त्याहून विचित्र आहे — टाचेकडून कोवळी कातडी, आणि समोर काठ कोरडा, कापल्यासारखा. पट्टीच्या घडीत काळी माती सापडली. ओली.

"ही माती कुठली गं?"

"चुलीच्या पोतेऱ्याची आसंल."

३० डिसेंबर, सोमवार. येळवस

क्रमानं लिहिते.

सकाळी सगळे शेतात. आंबिलाचं मडकं, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, सगळं डोक्यावर. धुऱ्याच्या (बांधाच्या) कोपऱ्यात पांडवांचे पाच दगड, चुन्यानं रंगवलेले, त्यांच्यावर सत्यमनं कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी केलेली. मी लहानपणापासून बघतेय तसंच. फक्त एक नवीन होतं. लांब विहिरीपाशी खांबावर एक पेटी, आणि तिच्यातून सेकंदाला एकदा — टक. सगळ्या हरभऱ्याभोवती तार आणि तारेत तो झटका. टक. पाहुणे बोलत होते, कुणाला ऐकूही येत नव्हतं.

आईनं वीस पावलांवर चपला काढल्या. अनवाणी! डॉक्टरांचं म्हणणं ओरडून सांगितलं तर म्हणाली, "पांडवाम्होरं चपला घालून जाऊ? म्हैना झाला रोज येतेय, आजच काय झालं?"

महिना! लातूरहून परत आल्यावर तिनं नवस बोलला. पाय वाचला पाहिजे, येळवशीपर्यंत रोज सकाळी पांडवाला घागरभर पाणी. आणि पाणी घालून तिथंच, त्या चिखलात, पोथीतली पाचही नावं शंभरदा म्हणेपर्यंत उभी. अर्धा तास. ओल्या पट्टीसकट. सत्यमला माहीत होतं. "आईनं तुला सांगू नको म्हणली व्हती आक्का."

मी तिला ओढून आणायला गेले. चप्पल धुऱ्यातच अडकून निघाली. पाय चिखलात पडला —

टक.

तळव्यात. मुंगी चावावी तसं. मी थांबले. टक. लांबच्या पेटीचा आवाज आणि माझ्या तळव्यातला, एकाच वेळी.

मग दिसलं. पांडवांच्या अगदी मागे लोखंडी सळई गाडलेली — मशीनचं अर्थिंग. मशीन बसवणाऱ्या हनीफभाईंनी सांगितलं होतं, अर्थिंग कायम ओल्या जागी पाहिजे. आणि अख्ख्या रानात रोज ओली असणारी जागा एकच! सत्यमनं दुसरी कुठं गाडावी? आणि आई उभी राहते तिच्या पाठीमागे, तीन हातांवर, तारेचा लाकडी खांब. त्याच्यावरचा प्लास्टिकचा तुकडा तडकलेला, तार भिजल्या लाकडाला टेकलेली. खांबातून ओल्या मातीत, मातीतून सळईकडे. मध्ये आई. तोंड पांडवाकडे, टाच खांबाकडे. एक महिना, रोज अर्धा तास, आणि पायाला काही कळत नाही.

टाचेकडून बोटांकडे. कातडी सळईकडे चालली होती.

सेकंदातून एकदा, तेही क्षणभर. एवढ्यानं काही व्हायला नको, असं माझीच पुस्तकं म्हणतील. पण मी खाली बघितलं. दगडांभोवती चिखलात गांडुळं वर आलेली, वीसेक असतील. सगळी पडलेली एकाच दिशेनं, तोंडं सळईकडे.

"रोज येत्यात," आई कौतुकानं म्हणाली. "पांडवाला भेटाया."

आता पुढचं. इथं तरी सरळ लिहिते, दुसरीकडे कुठं लिहिणार आहे?

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. मशीन बंद कर सत्यम, आई मरेल. झटका हृदयातून जायला किती वेळ लागतो? मी तोंड उघडलं. आणि डोक्यात आलं — आठ दिवस राहिलेत, बोटांकडची कड अजून उघडी आहे, तारा उलट्या केल्या की पेशी वळतात.

पण तारा हलवल्या तर विचारतील. आईला वळवणं सोपं.

"आई, नवस तर आज फिटला. आता सात तारखेपर्यंत रोज सूर्याला पाणी घाल. इथंच. तोंड उगवतीकडं."

"पांडवाकडं पाठ करू व्हय?"

"सूर्याकडं तोंड कर म्हणतेय."

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. "बरं," म्हणाली.

मी चपला घातल्या आणि आंबील प्यायले. सत्यम लांबून माझ्याकडे बघत होता. संध्याकाळी तो पेटता हेंडगा, कडब्याची मशाल, घेऊन हरभऱ्याभोवती फिरला. मी कोपेजवळ बसले होते, पाय वर घेऊन.

३१ डिसेंबर

पहाटेच्या गाडीनं परत. शेताकडे गेले नाही. सत्यम स्टँडवर सोडायला आला, त्याला काहीतरी बोलायचं होतं, मीही बोलणार होते. गाडी आली.

२ जानेवारी, गुरुवार

बोटांकडची कड हलली.

३ जानेवारी

हलली नाही, निघालीय! सव्वा महिना मेलेली कड आता टाचेकडे येतेय. आईनं तोंड फिरवलं आणि कातडीनं तोंड फिरवलं. मी प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंद होता की भीती, ठरवता येईना. आईला फोन लावते तेव्हा पहिल्या दोन रिंग्ज जीव मुठीत असतो. तिचं "हां सुकू" ऐकलं की मग श्वास.

रुखसारनं विचारलं, "काय करून राहिलीस तू? रंग उतरलाय."

"काही नाही."

४ जानेवारी

आज सांगायचं. आज सत्यमला सांगायचं. फोटो आला — दोन्ही कडांमध्ये आता काडीएवढी फट. सांगितलं नाही.

५ जानेवारी

नाही सांगितलं. ती माझी आई आहे आणि मी तिला ताटलीत ठेवलंय.

७ जानेवारी, मंगळवार

लातूर. जखम बंद!

डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. कापायचं काही नाही. "रोज ड्रेसिंग कुणी केलं?" सत्यमकडे बघून म्हणाले, "शाबास." मग सवयीनं कापसाचा बोळा आईच्या अंगठ्यावरून फिरवला.

आईनं पाय मागे घेतला.

"कळलं?"

"कळलं की. गुदगुल्या कशाला करता?"

डॉक्टरांनी बोळा परत फिरवून पाहिला. बारा वर्षांच्या शुगरमध्ये गेलेली जाणीव अशी परत येत नाही. मला बाहेर येऊन आईला मिठी मारायची होती, मारलीही. तिला काही न सांगता. गाडीत बसल्यावर तिनं माझा हात मांडीवर घेऊन थोपटला. दवाखान्यात मी पाचवीतल्या पोरीगत रडले म्हणे.

आता मशीन. उद्या पहिलं काम.

८ जानेवारी, बुधवार

सत्यमला फोन केला. सगळं घडाघडा सांगितलं — खांब, सळई, तडकलेला तुकडा, मला माहीत होतं आणि मी आठ दिवस गप्प बसले तेही. मशीन आत्ताच्या आत्ता काढ म्हणाले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग —

"आक्का, मशीन तर मी येळवशीलाच काढलं की. हेंडगा फिरवून आलो आन् काढलं. तू चिखलात दचकलेली बघितलो मी. म्या बी चप्पल काढून पाय ठिवला, तवा कळलं. आई हुबी ऱ्हाती रोज तिथं! वायरी समद्या गुंडाळून हनीफभाईला देऊन आलो दुसऱ्या दिशी. आता राती मीच जातो जागलीला."

"मला का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं तू भेलीस म्हणून बोलली न्हाईस. परत आठवण कशाला द्यावी."

दहावी नापास माझा भाऊ. चिखलात पाय ठेवला आणि त्याच सांजेला आईला तिथून सोडवलं. आठ रात्री डुकरं हाकलत बसला. आणि मी इथं बसून रोज फट मोजत होते.

फोन ठेवायच्या आधी दुसरं लक्षात आलं. वीज एकतीस तारखेपासून नव्हतीच. कड हलली दोन तारखेला.

"सळई?" मी विचारलं.

"ती हाय गाडलेली. पांडवापाशी हाय, उपटाया मन झालं न्हाई. गांडुळं बी येत्यात अजून. पर आता त्येंची तोंडं उगवतीकडं असत्यात."

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी सातला आईचा फोन. शेतातून. नवस फिटला, सात तारीख गेली, तरी पाणी घालायला गेलीच होती. म्हणाली, "आता कळायलंय मला सुकू, तळपायात. टक, टक. आन् आज दुसऱ्या पायात बी." मशीन काढून दहा दिवस झाले. मग तिनं हळूच विचारलं, अगदी साधं, माहीत असल्यासारखं — "आता कुठं तोंड करून हुबी राहू?"